एक लाख डॉलर नाकारणारा डिझायनर

थोडं लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

फेब्रुवारी २००५. अमेरिकेत जे मॅकॅरॉल नावाचा माणूस टीव्हीवरची एक मोठी स्पर्धा जिंकला. बक्षीस होतं एक लाख डॉलर. तेव्हाच्या भावानं चाळीस लाख रुपयांच्या पुढं. आणि या गड्यानं ते पैसे घेतले नाहीत.

वेडा होता का? अजिबात नाही. त्यानं कागद वाचला होता.

स्पर्धेचं नाव ‘प्रोजेक्ट रनवे’. फॅशन डिझायनर लोकांचा रिअ‍ॅलिटी शो. आपल्याकडं गाण्याचे, नाचाचे शो असतात तसा हा कपडे शिवण्याचा. माझी पुतणी फॅशन डिझायनिंगचा कोर्स करते, तिच्यामुळं मी हा शो बघायला लागलो. म्हणलं, शिवणकामात बघण्यासारखं काय असणार? पण पहिल्याच भागात बसलो ते बसलोच. बारा डिझायनर न्यूयॉर्कच्या एका किराणा सुपरमार्केटात सोडले, हातात पन्नास डॉलर दिले आणि सांगितलं, इथं मिळेल त्या वस्तूतून कपडा बनवा. ऑस्टिन स्कार्लेट नावाच्या पोरानं मक्याच्या कणसाची पानं सोलून त्याचा ड्रेस बनवला. आपल्या शिवारात ती पानं जनावरं खातात. तिथं त्याला पहिला नंबर मिळाला.

हायडी क्लुम ही मॉडेल सूत्रसंचालक, मायकल कोर्स हा नामवंत डिझायनर परीक्षक, ‘एल’ मासिकाची नीना गार्सिया परीक्षक, आणि पोरांना मार्ग दाखवायला टिम गन नावाचे मास्तर. निर्मात्यांत हार्वी वाइन्स्टीन. हो, तोच, ज्याला पुढं २०२० मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. तर या मंडळींच्या शोचा पहिला सीझन जिंकला पेनसिल्व्हेनियातल्या लेहमन नावाच्या छोट्या गावाकडचा जे.

आता कागदाचं ऐका. बक्षीस घ्यायचं तर अट अशी होती, की त्याच्या पुढच्या धंद्यात निर्मात्यांचा दहा टक्के हिस्सा राहील. त्या सीझनपुरता किंवा त्यात शिवलेल्या कपड्यांपुरता नव्हे, पुढचा सगळा.

जरा गणित करा. एक लाखात दहा टक्के, म्हणजे त्याच्या अख्ख्या पुढच्या कमाईची किंमत त्यांनी दहा लाख डॉलर धरली. तीही तो अजून काही कमवायच्या आत. वर पुन्हा असं, की उद्या खरोखरचा गुंतवणूकदार पैसे घेऊन आला तर त्याला दिसणार, घरात आधीच एक भागीदार बसलाय, जो काम काहीच करत नाही. आपल्याकडं बांधावरच्या आंब्याला भाऊबंदाचा वाटा असतो ना, तसंच. झाड लावायचं एकानं, पाणी घालायचं एकानं, पाडाला आलं की पिशवी घेऊन हजर दुसराच.

जे नाही म्हणाला. पैसेही सोडले आणि ‘बनाना रिपब्लिक’ या कपड्याच्या मोठ्या कंपनीत शिकायची संधी मिळत होती, तीही सोडली.

सिनेमा असता तर इथून पुढं तो स्वतःच्या हिमतीवर करोडपती झाला असता. तसं झालं नाही, म्हणूनच मला हा माणूस महत्त्वाचा वाटतो. शो जिंकल्यावर न्यूयॉर्कमध्ये त्याला राहायला स्वतःचं घर नव्हतं. मित्रांच्या घरी सोफ्यावर झोपायचा. रस्त्यात लोक ओळखायचे, फोटो काढायचे, सही मागायचे. रात्री जायचं कुठं, हा प्रश्न तसाच. ज्याला सगळा देश ओळखतो त्याच्याकडं घरभाड्याचे पैसे नाहीत, ही गोष्ट लोकांच्या डोक्यात बसतच नाही. टीव्हीवर दिसतो म्हणजे पैसेवाला, असं आपण धरूनच चालतो. आमच्या धंद्यातही तेच. पेपरात नाव छापून येतं म्हणून लोक लग्नात पाच हजारांच्या आहेराची अपेक्षा ठेवतात, आणि इथं मानधन सेंटिमीटरवर मोजून मिळतं.

सप्टेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये त्यानं स्वतःचा शो केला. त्या तयारीवर ‘इलेव्हन मिनिट्स’ नावाची डॉक्युमेंटरी निघाली. अकरा मिनिटं म्हणजे स्टेजवर तो शो चालतो तेवढा वेळ. अकरा मिनिटांसाठी वर्षभर राबायचं, कापड, कारागीर, मॉडेल, जागा, सगळ्याचा खर्च करायचा.

आणि खरी गोम त्याच्या पुढं आहे. हा धंदा उधारीवर चालतो. सप्टेंबरात दाखवलेले कपडे पुढच्या वसंतातले असतात. दुकानदार बघतात, आवडलं तर ऑर्डर देतात. मग डिझायनरनं स्वतःच्या खिशातून कापड घ्यायचं, शिवून घ्यायचं, माल पोचवायचा. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी पैसे. म्हणजे ऑर्डर जितकी मोठी, तितकं भांडवल जास्त अडकणार. भरपूर ऑर्डर मिळाल्यामुळं बुडालेले डिझायनर असतात म्हणल्यावर पुतणी हसली, पण शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आमच्या गावातल्या टेलरला विचारा. जूनमध्ये मशीन दिवसरात्र चालू आणि घरात किराणा उधारीवर. त्याला हे लगेच कळतं.

जे पुढं फिलाडेल्फियाला गेला. जिथं शिकला त्याच विद्यापीठात शिकवलं, गोधड्यांसाठी लागतं तसल्या सुती कापडाची छापील डिझाइन्स केली. मधे आणखी एका रिअ‍ॅलिटी शोमध्ये, वजन कमी करण्याच्या, उतरला आणि तोही जिंकला. म्हणजे टीव्हीनं त्याला परत बोलावलं, पण कपड्यांसाठी नाही. यावर हसावं की रडावं कळत नाही. पण एक आहे. तो आजही जे काही करतो, ते पुरतं त्याचं असतं.

काही मित्र म्हणतील, अहो, एका माणसाचं उदाहरण घेऊन काय सांगताय? बाकीच्यांचं बघा ना. बघू की.

दुसऱ्या सीझनची विजेती क्लोई डाओ. लाओसमध्ये जन्मलेली, व्हिएतनामी घरातली. आठ बहिणी. निर्वासित म्हणून हे कुटुंब अमेरिकेत टेक्सासला आलं. शोमध्ये यायच्या आधीच ह्यूस्टनमध्ये तिचं कपड्यांचं दुकान होतं, ‘लॉट एट’ नावाचं. आठ बहिणींचं ते ‘एट’. २००६ मध्ये ती जिंकली, आणि न्यूयॉर्कमध्ये नशीब काढायला न बसता ह्यूस्टनला आपल्या दुकानात परत गेली. गिऱ्हाईक तिथं होतं, घरचे तिथं होते. टीव्हीमुळं दुकानावर गर्दी वाढली. घरदार विकून मुंबई गाठण्याच्या गोष्टीच आपल्याला आवडतात, त्यामुळं परत गेलेल्या माणसाची बातमी होत नाही. मी स्वतः बातम्या लिहितो, मला माहीत आहे. ‘यश मिळवून गावी परतली’ याला आमचा डेस्क आत एक कॉलम देतो.

पहिल्या सीझनला जेच्या मागं राहिलेली कारा सॉन. ती आधीपासून टीव्ही मालिकांचे पोशाख करायची. हरली, आणि आपल्या कामावर परत गेली. डिस्नेच्या ‘डिसेंडंट्स’ या चित्रपटांचे पोशाख तिचे. आपल्या पोरींनी त्या पात्रांसारखे कपडे घालून गॅदरिंगला नाच केले असतील, तिचं नाव मात्र कुणाला माहीत नाही.

आता ज्याचं नाव सगळे घेतात तो. क्रिस्टियन सिरियानो. चौथा सीझन, २००८. एकवीस-बावीस वर्षांचं पोरगं, मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसचं. या शोनं मोठा केलेला डिझायनर म्हणून त्याचंच उदाहरण देतात, आणि खरंच तो मोठा झाला. पण कसा झाला ते नीट बघायला पाहिजे.

एक तर तो कोरा आला नव्हता. लंडनमध्ये शिकला होता, व्हिव्हियन वेस्टवुड आणि अलेक्झांडर मॅक्वीन या दोन दिग्गजांकडं उमेदवारी केली होती. हात बसलेला होता. टीव्हीवर पोराचा तोंडाळपणा दिसायचा, पण कात्री धरली की कळायचं.

दुसरं म्हणजे जिंकल्यावर त्यानं फक्त श्रीमंतांचे गाऊन केले नाहीत. ‘पेलेस’ नावाची स्वस्त चपला-बुटांची दुकानं अमेरिकेत गल्लोगल्ली होती, त्यांच्यासाठी बूट डिझाइन केले. आपल्याकडच्या एखाद्या बड्या डिझायनरनं आठवडी बाजारातल्या चपलेवर नाव घातल्यासारखं. फॅशनवाल्यांनी नाकं मुरडली असतील. पण पैसा रोख होता, आणि त्या पैशावर गाऊन शिवता येत होते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. २०१६ मध्ये ‘घोस्टबस्टर्स’ चित्रपटाचा प्रीमियर होता. त्यातली अभिनेत्री लेस्ली जोन्स. कृष्णवर्णीय, उंच, धिप्पाड, वय अठ्ठेचाळीस. तिनं ट्विटरवर जाहीर लिहिलं, की प्रीमियरसाठी मला कपडे द्यायला एकही डिझायनर तयार नाही. एवढ्या मोठ्या सिनेमाची नायिका, आणि ही गत! कारण फॅशनवाल्यांचं नमुन्याचं माप ठरलेलं असतं, काडीसारख्या मॉडेलचं. त्यात न बसणारी बाई त्यांच्यासाठी नसतेच. सिरियानोनं तिथंच हात वर केला. ती लाल गाऊन घालून प्रीमियरला आली आणि फोटो जगभर गेले. त्याच महिन्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिशेल ओबामा त्याचा निळा ड्रेस घालून बोलल्या.

मग त्यानं स्वतःच्या शोमध्येही अंगानं भरलेल्या मॉडेल आणल्या, मोठ्या मापाचे कपडे विकायला ठेवले. पुढं त्यानंच सांगितलं, की यामुळं धंदा तिप्पट झाला. यात अचंबा कसला? अमेरिकेत निम्म्याहून जास्त बायका मोठ्या मापाच्या आहेत. गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि अख्खी बाजारपेठ त्याला ‘तुमच्या मापाचं नाही’ म्हणून परत पाठवत होती. (आमच्या तालुक्यातल्या रेडिमेडवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ‘ताई, तुमच्यात येणार नाही’ हे जोरात, चार लोकांत सांगायची काही गरज नसते.)

२०१८ च्या ऑस्करला त्यानं सतरा जणींचे कपडे केले. २०१९ च्या ऑस्करला बिली पोर्टर हा अभिनेता वर काळा टक्सिडो आणि खाली घेरदार गाऊन घालून आला, तोही याचाच. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरनी मास्क कमी पडतायत सांगितलं, तेव्हा आपल्या शिवणाऱ्या लोकांना त्यानं मास्कला लावलं. आणि २०१९ पासून त्याच ‘प्रोजेक्ट रनवे’मध्ये टिम गन मास्तरांच्या जागी नवीन पोरांना मार्ग दाखवायला हाच उभा राहिला.

आता मला सांगा, यातलं टीव्हीनं किती दिलं? ओळख दिली. दार उघडलं. पण हात त्याचा आधीच बसलेला होता, आणि पोर्टरचा गाऊन येईतो शो जिंकून अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांचं चित्रीकरण कुणी केलं नाही.

हे सगळं मी आत्ता का लिहितोय, ते सांगतो.

आमच्या भागातल्या एका टेलरचा मुलगा. नाव-गाव लिहीत नाही, त्याची परवानगी घेऊन एवढंच लिहितोय. फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा केलेला. इरकलीच्या काठापासून जॅकेट करायचा, इतकी सुंदर की बघत राहावं. एका ऑनलाइन स्पर्धेत निवडला गेला. कंपनीचंही नाव लिहीत नाही. पुरस्कार, सत्कार, आमदारांच्या हस्ते शाल, सगळं झालं. त्याची बातमी मीच लावली, चार कॉलम, फोटोसकट. तीन-चार महिन्यांनी बाप-लेक दोघं माझ्याकडं आले. हातात अठरा पानांचा इंग्रजी करार. बाप म्हणाला, “दादा, ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा.”

सही आधीच झालेली. ‘आज संध्याकाळपर्यंत स्कॅन करून पाठवा, नाहीतर पुढच्या नंबरला घेऊ’ असा मेसेज आला होता म्हणे. सायबर कॅफेवाल्यानं ‘इथं-इथं सही कर’ म्हणून दाखवलं.

मी रात्री बसून वाचला. वकील नाही मी, पण कोर्टाच्या बातम्या वीस वर्षं करतोय, थोडं कळतं. स्पर्धेसाठी केलेली सगळी डिझाइन्स कंपनीच्या मालकीची, कायमची. दोन वर्षं परवानगीशिवाय दुसरीकडं तसलं काम करायचं नाही. शोबद्दल काही बोललं तर दंड. आणि मोबदला? प्रवासखर्च आणि ‘प्रसिद्धी’. त्याचं जॅकेट कंपनीच्या साइटवर विकायला होतं, त्यावर त्याचं नाव नव्हतं. त्यानं स्वतःच्या इन्स्टाग्रामवर त्याच जॅकेटचा फोटो टाकला, तर काढून टाकायची नोटीस आली. त्यासाठीच ते दोघं आले होते.

पोरगा आत्ता वडलांच्या दुकानात आहे. इरकलीला हात लावत नाही म्हणतो. ब्लाउज शिवतो, छान शिवतो. मी त्याला जेची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “त्याच्याकडं वकील असंल.”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, म्हणून शोधलं. दोन-तीन गोष्टी सापडल्या, त्या इथं लिहून ठेवतो.

आपल्याकडं डिझाइन्स अ‍ॅक्ट आहे, २००० सालचा. कपड्याचं नवं डिझाइन नोंदवता येतं, दहा वर्षं संरक्षण मिळतं, वर पाच वाढवता येतात. पण अट अशी की अर्ज करायच्या आधी ते लोकांसमोर आलेलं नसावं. म्हणजे आधी टीव्हीवर किंवा मोबाइलवर दाखवलं आणि मग नोंदवायला गेलं, तर उशीर झाला. अर्ज आधी, कॅमेरा नंतर. आणि नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही तर कॉपीराइटही फार काळ सांभाळत नाही; मशीनवर त्याचे पन्नासच्या वर नग निघाले की तो हक्क संपतो. फॅशनच्या किती कोर्समध्ये हे शिकवतात? पुतणीला विचारलं. तिनं ऐकलेलंही नव्हतं. रंगचक्र मात्र तीन वेळा शिकवलं होतं.

आणि वकिलाचं म्हणाल तर प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, कोर्टाच्या आवारात. १९८७ च्या कायद्यानं बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. भांडणं झाल्यावर तिथं जायचं असतं असं लोकांना वाटतं. सहीच्या आधी सल्ल्यालाही जाता येतं.

आता माझ्या पत्रकार मित्रांना एक सांगायचंय, रागावू नका. पोरगं निवडलं गेलं की आपण बातमी करतो. पेढा भरवतानाचा फोटो. ‘तालुक्याचं नाव उज्ज्वल’. एक तरी प्रश्न विचारतो का आपण, की बाळा, सही कशावर केलीस? जे जिंकला त्याच्या पुढच्याच महिन्यात, मार्च २००५ मध्ये, आपला अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला. मला अजून आठवतं, एसएमएस करायला पोरांनी बॅलन्स उसना घेतला होता. आम्ही सगळे नाचलो. वीस वर्षांत असे कितीतरी शो झाले, गाण्याचे, नाचाचे, हसवण्याचे, स्वयंपाकाचे. गावोगावची पोरं त्यात गेली. त्यांच्या करारात काय होतं यावर एका तरी जिल्हा पुरवणीनं पान केलंय का? मीही केलेलं नाही. आता करतोय.

त्यासाठी मदत हवी आहे. तुमच्या ओळखीत कुणी असल्या स्पर्धेत गेलं असेल, तर त्यांना माझ्याशी बोलायला सांगा. नाव येणार नाही. आणि ज्यांच्या हातात आत्ता कागद आहे आणि समोरून घाई चालू आहे, त्यांनी सही करायच्या आधी इनबॉक्समध्ये फोटो टाका. आमच्या कोर्टातल्या दोन वकील मॅडम मोकळ्या वेळात वाचून द्यायला तयार झाल्यात. पैसे लागणार नाहीत. पानं मात्र सगळी टाका, शेवटचं सहीचं एकटंच नको.